धुऱ्याकडची हळद वाळली, तर आधी खुरपं घ्या

श्रावण-भादव्यात वसमतच्या बाजारात, चहाच्या टपरीवर, खताच्या दुकानासमोरच्या बाकावर एक तक्रार हमखास कानावर येते. रान सगळं हिरवंगार आहे, हळद कमरेला लागलीय, आणि शेजाऱ्याच्या धुऱ्याला लागून दोन-चार तासं तेवढी पिवळी पडलीत. पानांच्या कडा करपल्यात, काही फुटवे आडवे झालेत. यापुढचं वाक्य ठरलेलं असतं: "त्यानं काहीतरी मारलं."

मारलंही असेल. तसं होतं, आणि ते ओळखायचं कसं हे पुढे येईलच. पण धुऱ्यालगतचं पीक वाळण्याची बरीच कारणं आपल्याच बाजूची असतात, काही दोघांची मिळून असतात आणि काही कुणाचीच नसतात. म्हणून माझं सांगणं आहे की ते वाक्य आठवडाभर तोंडातच ठेवा. तेवढ्या दिवसांत खुरपं, मोबाईलचा कॅमेरा आणि दोन जुने डबे एवढ्या भांडवलावर पुष्कळ काही कळतं. वाक्य एकदा बाहेर पडलं की मग खरं कारण सापडलं तरी ते ऐकून घ्यायला पलीकडे कुणी उरत नाही.

नुकसान किती, तेही आधी मोजून घ्या. एक एकराचं रान चौकोनी धरलं तर त्याची एक बाजू साधारण २०९ फूट भरते. त्या बाजूची पाच फुटांची पट्टी म्हणजे जवळपास एक गुंठा. एकरी २५ क्विंटल वाळलेली हळद धरली तर गुंठ्याला साठ किलोच्या आसपास माल बसतो. वसमतच्या बाजार समितीतला आजचा भाव त्याला लावा आणि शेजारी वकिलाची एका तारखेची फी लिहा. साठ किलो हळद काही फुकट जाऊ द्यायची गोष्ट नाही, त्यातून २०२४ मध्ये वसमत हळदीला भौगोलिक मानांकन मिळाल्यापासून आपण सगळेच मालाबद्दल जास्त जागरूक झालो आहोत. तरीही भांडण किती रुपयांचं आहे हे ठाऊक असलेलं बरं.

आता धुऱ्याकडची जमीन नीट बघा. ती बाकीच्या रानासारखी नसतेच. ट्रॅक्टर वळतो तो तिथेच. नांगरटीपासून बेड पाडेपर्यंत प्रत्येक वेळी चाकं त्याच पट्टीत फिरतात आणि आपली काळी माती ओलसर असताना दाबली गेली की खाली वीट बनते. खताच्या पोत्यांची थप्पी तिथे लागते, पोतं फुटतं तेही तिथेच. शेणखताची ट्रॉली वर्षानुवर्षं धुऱ्याच्या कडेला रिकामी होते. ठिबकच्या नळ्यांचं शेवटचं टोक बऱ्याच रानांत धुऱ्यालाच येतं. दाब कमी पडला तर शेवटच्या झाडांना पाणी पोचत नाही आणि टोकाची टोपी गळत असली तर तीच झाडं बुडून निघतात. मागं कधी पाइपलाइन गाडली असेल किंवा जेसीबीनं धुरा नीट करून घेतला असेल तर खालचा मुरूम नाहीतर चुनखडीची पांढरी माती वर येऊन त्या पट्टीत पसरलेली असते. यातल्या कशातच शेजाऱ्याचा हात नाही. तेव्हा कोण काय म्हणालं ते बाजूला ठेवून गेल्या दोन-तीन वर्षांत त्या पट्टीत आपण स्वतः काय काय केलं ते आठवा. घरातल्या बायकांना आणि सालगड्याला विचारा. निंदायला-खुरपायला रानात तेच जास्त असतात, आणि कोणतं झाड कधीपासून मलूल आहे हे मालकाच्या आधी त्यांना माहीत असतं.

मग धुरा ओलांडा. पलीकडेही तशीच पट्टी वाळलेली असेल तर कारण धुऱ्यावर किंवा धुऱ्याखाली आहे. झाड, पाणी, कीड, मातीचा थर यांपैकी काहीतरी. फक्त आपल्याकडे वाळत असेल तर कारण आपल्या बाजूचं तरी आहे, नाहीतर पलीकडून आलेलं तरी आहे. दोन्ही बाजू बघायला पलीकडचा माणूस सोबत हवा. त्याला हाक मारताना कालच्या नात्यानंच मारा. जन्मभर ज्यांना आबा म्हटलं त्यांना आज एकदम अहो-जाहो करून सरपंचांसमोर बोलावलं तर ते काय समजायचं ते समजतात. "आबा, जरा इकडं येता का? माझ्याकडं ही दोन तासं खराब झाली, तुमच्याकडं कसंय बघू," एवढं पुरतं. पुढचा प्रश्न औषधाचा. तोही "कुणी मारलं" असा विचारू नका. "मागच्या पंधरवड्यात तुमच्याकडं कशाकशाची फवारणी झाली? माझीही सांगतो," असा विचारा. दोघांच्या तारखा एका कागदावर आल्या की निम्मं काम होतं.

आता तणनाशकाकडे येतो, कारण संशय तिथेच अडकलेला असतो.

तणनाशक उडून आलं असेल तर नुकसानीला आकार असतो. धुऱ्याला सगळ्यात जास्त, आत जावं तसं कमी, आणि बहुधा एका फटक्यात झालेलं. आज जेवढं आहे तेवढंच आठ दिवसांनी राहतं, आत पसरत जात नाही. शिवाय ते पीक बघत नाही. पट्टीत हळद असो, मधली तूर असो, नाहीतर कडेची मिरची असो, ज्याच्या अंगावर पडलं त्या प्रत्येकावर कमी-अधिक खूण राहते. रोगाचं तसं नसतं. तो ठिपक्याठिपक्यांनी, वेड्यावाकड्या तुकड्यांत येतो, एका जातीच्या पिकाला धरतो आणि बाजूच्या तणाला हात लावत नाही, आणि दर आठवड्याला थोडा पुढे सरकतो. म्हणून पहिल्याच दिवशी वाळलेल्या पट्टीच्या दोन टोकांना काठ्या रोवा, त्याच जागेवर उभं राहून फोटो काढा आणि चार-पाच दिवसांनी पुन्हा काढा. काठीच्या पुढे सरकलं तर फवाऱ्याचा संशय निम्म्याहून जास्त गळतो.

सगळ्यात चांगला साक्षीदार म्हणजे धुऱ्यावरचं गवत. त्याच्याकडे कुणी बघत नाही. पॅराक्वाट पडलं असेल तर एक-दोन दिवसांतच पानं भाजल्यासारखी होतात, थेंब जिथे पडला तिथे तपकिरी डाग आणि बाकीचं पान हिरवं. त्याचे शिंतोडे हळदीवर आले असले तर नवीन पान पुढे स्वच्छ निघतं. ग्लायफोसेट सावकाश काम करतं. चार-सहा दिवस काहीच दिसत नाही, मग शेंड्यापासून पिवळं पडत जाऊन आठवड्या-दोन आठवड्यांत हरळी मुळापासून वाळते. २,४-डी मारलं असेल तर उलटं दिसतं: हरळी शाबूत आणि काँग्रेस गवत मात्र पिळवटलेलं, देठ मुरगळलेले. शेजारच्या उसात ते मारलं आणि आपल्याकडे कापूस असला तर दोनशे फुटांवरूनही कळतं, कारण पऱ्हाटीची नवी पानं भेंडीच्या पानासारखी कातरलेली, अरुंद निघतात. सोयाबीनमध्ये निव्वळ गवतवर्गीय तणांसाठी मारायची औषधं वेगळी. त्यात गवत मरतं आणि रुंद पानाचं तण डौलात उभं राहतं. तेव्हा आपली पट्टी पिवळी आहे आणि धुऱ्यावरची हरळी, काँग्रेस, केना सगळं टवटवीत आहे, असं असेल तर पलीकडून फवारा आला या म्हणण्यात फारसा दम नाही. वाऱ्यावर आलेलं औषध धुरा वगळून थेट तुमच्या तासावर उतरत नाही.

वाऱ्याची दिशाही विचारात घ्या. पावसाळ्यात आपल्याकडे वारं बहुतेक पश्चिमेकडून येतं. शेजारी तुमच्या पूर्वेला असेल तर जुलै-ऑगस्टमध्ये त्याचं औषध तुमच्याकडे येण्यापेक्षा तुमचं त्याच्याकडे जाण्याची शक्यता जास्त.

आणि एक प्रश्न स्वतःला विचारायचा, तो कुणी विचारत नाही: आपल्या पंपात काय होतं? तणनाशक मारलेला पंप वरवर विसळून त्यातच पुढे कीटकनाशक किंवा विद्राव्य खत भरून पिकावर फवारलं जातं. तळाशी, नळीत, गाळणीत राहिलेलं तणनाशक पहिल्या टाकीत बाहेर पडतं. आणि पहिली टाकी आपण सुरू कुठून करतो? पाण्याचा ड्रम धुऱ्यावर असतो, पंप तिथे भरतो, नोझल तिथेच उघडतो. नुकसान नेमकं धुऱ्याच्या तासांना, आत जावं तसं कमी. पलीकडून उडून आलेल्या औषधासारखंच हुबेहूब दिसतं आणि बिल शेजाऱ्याच्या नावावर फाटतं. ओळखायची खूण अशी की धुऱ्यावरचं गवत त्यात मरत नाही, कारण आपण फवारा पिकावर धरलेला असतो. आणि रिकामा झालेला पंप पुन्हा भरून जिथून सुरुवात केली तिथेही फिकट का होईना तशी खूण सापडते. तणनाशकाला वेगळा पंप ठेवणं हा यावरचा खरा उपाय. तो एका घराला परवडत नसेल तर धुऱ्याला धुरा लागलेल्या दोघा-तिघांत मिळून एक घ्यावा.

जमिनीत राहणाऱ्या तणनाशकाचा संशय असेल, म्हणजे मागच्या हंगामात ऊस किंवा मका होता आणि अॅट्राझिनसारखं औषध वापरलं होतं, तर डब्यांची परीक्षा करा. एका डब्यात वाळणाऱ्या पट्टीतली वरची माती, दुसऱ्यात रानाच्या मधली. दोन्हीत काकडीचं नाहीतर सोयाबीनचं बी टाका, सारखं पाणी द्या, एकाच उन्हात ठेवा. दोन-तीन आठवड्यांत एका डब्यातली रोपं उगवून कडेनं पिवळी पडत गेली आणि दुसऱ्यातली चांगली राहिली तर मातीत काहीतरी आहे. ग्लायफोसेट या परीक्षेत सापडणार नाही, ते मातीला चिकटून निकामी होतं.

एवढं होईपर्यंत बहुतेकांनी खुरपं हातात घेतलेलं नसतं. म्हणून आता खणू या.

वाळलेल्या पट्टीतलं एक झाड, चांगल्यातलं एक झाड आणि दोन्हींच्या सीमेवरचं एक, अशी तीन झाडं मातीसकट काढा. पूर्ण मेलेलं झाड काही सांगत नाही, त्यावर नंतर आलेल्या बुरशा आणि किडे मूळ कारण झाकून टाकतात. बोलतं ते सीमेवरचं, नुकतं बिघडू लागलेलं झाड. आधी ओढून बघा. हळदीचा फुटवा हलक्या हातानं उपटून येत असेल, बुंधा तपकिरी आणि मऊ पडला असेल तर गड्डा हातात घेऊन अंगठ्यानं दाबा. घाण वासाचं पाणी बाहेर आलं की कंदकूज. गड्डा चिरल्यावर आत पांढुरक्या, बिनपायाच्या अळ्या दिसल्या तर कंदमाशीही आली आहे. डासासारखीच पण त्याहून बरीच मोठी, लांब पायांची ती काळपट माशी पावसाळ्यात पानांवर बसलेली तुम्ही पाहिली असेल. या दोन्हींचा उगम बहुतेक वेळा एकच असतो, तो म्हणजे साचलेलं पाणी. खड्ड्याच्या तळाची माती मुठीत दाबा. बोटांतून चिखल येत असेल, मातीला कुबट वास असेल, काळ्या रंगात निळसर-करडी झाक असेल तर मुळं श्वासाविना मेली आहेत. तोच खड्डा पाण्यानं भरून ठेवा. सकाळपर्यंत पाणी तसंच दिसलं तर निदान झालं.

धुऱ्याला पाणी साचतं याचं कारण खुद्द धुराच. उतारावर आडवा असलेला धुरा वरच्या रानाचं पाणी अडवतो, त्याचं कामच ते आहे. भर पावसात वरच्या शेतकऱ्याच्या शेवटच्या तासांत पाणी थांबतं. खालच्याच्या पहिल्या तासांत ते धुऱ्याखालून पाझरतं. सिद्धेश्वर धरणाच्या कालव्यावर भिजणाऱ्या भागात यात आणखी भर पडते. चारीचं पाणी मोकाट सोडलेलं असतं, किंवा थ्री फेज लाईट रात्री येते म्हणून मोटार चालू करून माणूस आखाड्यावर झोपतो आणि उसाचे सरे भरून पाणी पहाटेपर्यंत धुऱ्याला लागलेलं असतं. शेजाऱ्याच्या पाण्यानं आपली हळद सडली, असं इथे खरंच म्हणता येतं. पण औषध मारणं आणि झोप लागणं यात फरक आहे, आणि बोलतानाही तो ठेवावा.

पाण्यावर उपाय नालीचा. धुऱ्याला समांतर, आपल्या बाजूनं, गादीवाफ्याच्या तळापेक्षा खोल नाली काढून तिचं तोंड ओढ्याला किंवा नैसर्गिक उताराला मिळवायचं. ती पुढच्या शेजाऱ्याच्या रानात सोडायची नाही. नाहीतर तुमची तक्रार एक धुरा पुढे सरकेल, एवढंच. नैसर्गिक वाहणारं पाणी कुणी भराव घालून अडवलं असेल आणि समजुतीनं काढायला तयार नसेल, तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ प्रमाणे तहसीलदारांकडे दाद मागता येते. त्याला अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांची मुदत आहे. "बघू, दिवाळीनंतर" करता करता ती निघून जाते, म्हणून समजुतीचं बोलणं चालू असतानाही तारीख लिहून ठेवा.

पाणी नाही, औषध नाही, आणि धुऱ्यावर लिंब किंवा बाभूळ उभी आहे? मग वर बघा. सावली हे अर्धंच कारण आहे, आणि हळदीला थोडी सावली चालतेही. सोयाबीनला चालत नाही. खरी ओढाताण मातीत चालते. मोठ्या झाडाची मुळं फांद्यांच्या घेराच्या बरीच पलीकडे जातात आणि दोन पावसांत खंड पडला की आधी पाणी तीच उचलतात. खणताना करंगळीएवढी तांबूस मुळं हळदीच्या गड्ड्याभोवती सापडली की समजावं. निलगिरी किंवा सुबाभळीची रांग असेल तर विचारायलाच नको.

लिंब-बाभळीचं दुसरं एक प्रकरण आहे, ते रात्री बघावं लागतं. वळवाचा पहिला दमदार पाऊस झाला की त्या संध्याकाळी अंधार पडताना जमिनीतून तपकिरी भुंगेरे निघतात. भर्र आवाज करत ते जवळच्या लिंबावर, बाभळीवर, बोरीवर जाऊन बसतात, रात्रभर पाला खातात, तिथेच त्यांचं मीलन होतं आणि पहाटे माद्या आसपासच्या मातीत शिरून अंडी घालतात. हुमणी म्हणतात ती या भुंगेऱ्यांची अळी: पांढरट, तपकिरी डोक्याची, इंग्रजी सी अक्षरासारखी वाकलेली. जुलैपासून ऑक्टोबरपर्यंत ती मुळं कुरतडते. झाड धुऱ्यावर, म्हणून पहिला मार धुऱ्याच्या तासांना, आणि तोही दोन्ही बाजूंना. उपटल्यावर झाड मुळांशिवाय हातात येतं आणि खाली वीतभर उकरलं की अळी दिसते. पावसाळ्यात तिच्यामागे औषध ओतत बसण्यापेक्षा वळवाच्या पावसानंतर चार रात्री बॅटरी आणि काठी घेऊन दोन्ही घरची पोरं त्या झाडाखाली न्यावीत. फांद्या हलवायच्या, खाली पडलेले भुंगेरे गोळा करून रॉकेल किंवा डिझेल टाकलेल्या पाण्यात टाकायचे. एकट्यानं करून उपयोग कमी, कारण भुंगेऱ्याला धुरा कळत नाही. एक मादी मारली म्हणजे पुढची पन्नासेक अंडी टळली.

सोयाबीन असेल तर गोगलगायीही बघा. २०२२ च्या खरिपात लातूर, बीड, उस्मानाबाद भागात शंखी गोगलगायींनी कोवळं सोयाबीन साफ केलं होतं. दिवसा त्या धुऱ्यावरच्या गवतात, दगडांखाली लपतात आणि रात्री कडेची तासं खातात. सकाळी वाळलेली चकचकीत रेघ दिसते, ती पुरेशी आहे.

राहिली माती. माती परीक्षणाचा नमुना घेताना आपल्याला शिकवलेलं असतं की धुऱ्याजवळची, झाडाखालची, खताच्या ढिगाची जागा सोडून घ्यायचा. बरोबरच आहे, कारण तो सबंध रानाचा नमुना असतो. पण त्यामुळेच मृदा आरोग्य पत्रिकेत तुमच्या आजारी पट्टीबद्दल एक अक्षर नसतं. इथे दोन स्वतंत्र नमुने द्या, एक वाळलेल्या पट्टीचा आणि एक चांगल्या भागाचा, आणि पिशवीवर तसं लिहा. दोन्हींतले सामू, क्षारता आणि चुनखडीचे आकडे शेजारी ठेवून वाचा. घरच्या घरी चुनखडी बघायची असेल तर कोरड्या ढेकळावर लिंबू पिळा, जोरात फसफसलं तर चुना भरपूर आहे. अशा मातीत लोह असूनही पिकाला मिळत नाही. हळदीचं कोवळं पान पिवळं-पांढरं पडतं, शिरा मात्र हिरव्या राहतात. जुनी पानं आधी पिवळी पडली तर ते लोहाचं नव्हे. आणि डिसेंबर-जानेवारीत हळद पिवळी पडतेय असं म्हणत कुणी आलं तर त्याला चहा पाजून परत पाठवा. सेलम हळद आठ-नऊ महिन्यांची, पाला बसायचाच, आणि धुऱ्याकडच्या उथळ जमिनीत तो आठ दिवस आधी बसतो.

वसमत शहरातल्या नव्या वसाहतींत हळद नाही, पण घरापुढे हौसेनं लावलेली हिरवळ असते, आणि सामाईक कंपाउंडच्या भिंतीलगत तीच पट्टी वाळते. तिथे शेजाऱ्याच्या मांजरावर आणि मोरीच्या पाण्यावर आळ घेण्याआधी वीतभर उकरा. बहुतेक ठिकाणी भिंतीच्या पायात बांधकामाचा मलबा, सिमेंटची घाण आणि विटांचे तुकडे भरून वर चार बोटं माती पसरलेली असते. त्यात दुपारभर तापणारी भिंत. दीड फूट मलबा काढून चांगली माती भरा, नाहीतर गवताचा हट्ट सोडून तिथे फरशी टाका.

आता धुऱ्यावर तणनाशक मारण्याबद्दल. हे अलीकडे फार झालंय आणि मला ते अजिबात पटत नाही. मजूर मिळत नाही हे खरं. पण काळ्या मातीचा धुरा गवताच्या मुळांवर उभा असतो. हरळी मेली की उन्हाळ्यात तो भेगाळतो आणि पहिल्या मोठ्या पावसात दोन्ही बाजूंना ढासळतो. अरुंद झालेल्या धुऱ्याला पुढच्या नांगरटीत एक तास इकडून लागतो, एक तिकडून, आणि "त्यानं धुरा कोरला" ही या भागातली सगळ्यात जुनी तक्रार नव्यानं उभी राहते. तिचं उत्तर भूमी अभिलेख कार्यालयाच्या मोजणीशिवाय मिळत नाही. गवत इळ्यानं कापा, जनावराला टाका. केंद्र सरकारनं ऑक्टोबर २०२२ मध्ये अधिसूचना काढून ग्लायफोसेटचा वापर प्रशिक्षित कीड-नियंत्रण चालकांपुरता मर्यादित केला होता, हेही ध्यानात असू द्या. आणि रानात तणनाशक मारावंच लागलं तर सकाळी वारं पडलेलं असताना, नोझलवर हूड लावून, मोठ्या थेंबाच्या नोझलनं आणि शेजाऱ्याला आदल्या दिवशी सांगून मारा.

एवढं सगळं बघून झाल्यावरही सगळ्या खुणा पलीकडच्या फवाऱ्याकडेच बोट दाखवत असतील, तर गप्प बसा असं मी म्हणणार नाही. शेजाऱ्याला दोन माणसांसमोर पट्टी दाखवा आणि औषधाचं नाव विचारा. डबा किंवा दुकानाची पावती मिळाली तर फोटो घ्या. औषध कळल्याशिवाय पुढे कोणताच तज्ज्ञ ठाम बोलू शकत नाही. सहायक कृषी अधिकाऱ्याला (पूर्वीच्या कृषी सहायकाला) बोलावून पाहणी करून घ्या आणि तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज द्या, त्यात तारखा, वाऱ्याची दिशा, पट्टीची लांबी-रुंदी हे सगळं घाला. तज्ज्ञाचं मत हवं असेल तर तोंडापूरचं कृषी विज्ञान केंद्र आहे, परभणीचं वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ आहे, आणि हळदीपुरतं म्हणाल तर वसमतलाच हरिद्रा संशोधन केंद्र आहे. जाताना वाळकं पान खिशात घालून जाऊ नका. सीमेवरचं झाड मुळासकट, मातीच्या गोळ्यासकट, ओल्या पोत्यात गुंडाळून त्याच दिवशी न्या, सोबत चांगलं झाड आणि तारखेनिशी फोटो. आपसात भरपाई ठरली तर गुंठ्यावर ठरवा, आणि हळद निघाल्यावर वजन करून द्यायची असं दोन ओळींत लिहून घ्या.

धुऱ्यावरच्या झाडांच्या मुळांचा त्रास असेल तर त्याचं काम उन्हाळ्यातलं आहे, आत्ता नाही. मृगाच्या आधी, रान मोकळं असताना, धुऱ्यापासून दोन-तीन फूट सोडून दोन-अडीच फूट खोल चर खणला की पिकाकडे येणारी मुळं तुटतात. झाड मरत नाही, पण दर दोन-तीन वर्षांनी चर पुन्हा उकरावा लागतो. दोन्ही बाजूंनी एकाच वर्षी सलग खणू नका, वादळात झाड आडवं होईल. यंदा एक बाजू, पुढच्या वर्षी दुसरी. जेसीबीचं भाडं निम्मं-निम्मं करा, आणि निघणारी माती कुणाच्या रानात न टाकता धुऱ्यावरच चढवायची हे मशीन येण्याच्या आधी ठरवून घ्या.